भीमाबाई रोकडे आणि बुजवलेलं तळं

भीमाबाई रोकडे रागीट आहेत, हे लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या बौद्ध मंडळींत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या विहाराच्या दारात दिसल्या की लोक आपापल्या चपला नीट लावायला लागायचे. त्यांच्या रागाचे किस्से आम्ही जेवताना एकमेकांना सांगायचो आणि हसायचो. आता मला त्यातल्या एकाही किश्श्याचं हसू येत नाही. मी जगदीश ढवळे, विहाराच्या समितीचा सचिव. गेल्या तीन वर्षांत बाईंच्या बाबतीत जे झालं त्यात मी होतो, आणि बराच काळ चुकीच्या बाजूला होतो. म्हणून हे मीच लिहायला हवं.

बाई महाडजवळच्या एका खेड्यातल्या. १९७८ साली लग्न होऊन त्या इथे आल्या. त्यांचे यजमान पुरुषोत्तम तेव्हा ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात होते. आल्यावर तिसऱ्याच महिन्यात बाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागल्या. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मशीनच्या बटणांचे रंग पाठ केले. वॉर्डांतून येणाऱ्या चादरींत रक्त असायचं, ओकारी असायची आणि कधीकधी कुणीतरी विसरलेली सुई असायची. अशीच एक सुई एकदा त्यांच्या तळहातात घुसली. सुपरवायझरने फॉर्म पुढे केला, सही करून कामाला लागा म्हणाला. बाईंनी सही केली नाही. त्यांनी सगळी मशीनं थांबवणारं लाल बटण दाबलं आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसल्या. 'नो ग्लव्ह्ज, नो बटन,' एवढंच त्यांना इंग्रजीत सांगता येत होतं, तेवढंच त्या सांगत राहिल्या. दुपारी चार वाजता जाड हातमोजे आले, आणि सगळ्यांसाठी आले. त्यानंतर सव्वीस वर्षं त्या तिथेच राबल्या.

विहारही त्यांच्यामुळेच उभा राहिला. फार्नम रोडच्या मागे स्काउटवाल्यांची जुनी लाकडी शेड विकायला निघाली, तेव्हा घरोघर जाऊन लोकांना गोळा केलं ते बाईंनी. भिंती त्यांनी घासल्या, पडदे त्यांनी शिवले. पुरुषोत्तमराव गेल्यावर तर त्यांचा निम्मा आठवडा तिथेच जायचा. त्यांची मुलगी भावना हॅरोला शाळेत शिकवते. ती आईला आपल्याकडे बोलवायची, पण बाई काही स्लाऊ सोडून जायच्या नाहीत.

एकट्या राहायला नको म्हणून त्यांनी मागची खोली भाड्याने दिली. तिथे चनथा आली. चनथा कंबोडियाची, चाळिशी ओलांडलेली. एका इंग्रज माणसाशी लग्न करून ती इकडे आली होती. ते लग्न मोडलं, आणि ती वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करायला लागली. तिच्या लोकांचं बुद्धमंदिर जवळपास नव्हतं, म्हणून एका रविवारी ती बाईंबरोबर आमच्या विहारात आली. आम्ही त्रिसरण म्हणायला सुरुवात केली तशी तीही म्हणायला लागली. शब्द तेच पाली, चाल वेगळी. बाई त्या दिवशी मला म्हणाल्या की एवढ्या लांबची बाई, आणि पोटातून तेच शब्द काढते बघ. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना सोडून राहत नसत. चनथा त्यांना 'ओम' म्हणायची. तिच्या भाषेत आईवडिलांपेक्षा मोठ्या माणसाला तसं म्हणतात. दोघींचं इंग्रजी मोडकं, पण त्या मोडक्या इंग्रजीत त्यांचं दिवसभर चालायचं.

विहाराचं छप्पर गळायला लागलं होतं. पावसात तीन बादल्या ठेवाव्या लागायच्या. अशा वेळी आमचा अध्यक्ष प्रणय गजभिये आनंदाची बातमी घेऊन आला. प्रणय इथेच जन्मलेला, लंडनमध्ये एका प्रॉपर्टी फंडात चांगल्या हुद्द्यावर. बाईंनी त्याला लहानपणी कडेवर खेळवलेलं. त्याच्या ऑफिसच्या ओळखीतून एक कंबोडियन उद्योगपती भेटला होता. तेप सोरियाक त्याचं नाव. नावाआधी 'ओकन्हा' लावायचा. देशाला मोठी देणगी देणाऱ्याला तिकडे ती पदवी मिळते, आपल्याकडे पूर्वी रावबहादूर असायचे तशी. या ओकन्हांचं लंडनमध्ये धर्मादाय फाउंडेशन होतं आणि ब्रिटनमधल्या बौद्धांना त्यांना मदत करायची होती. नवीन छप्पर, मागे एक हॉल, आणि नऊ फुटांची ब्राँझची बुद्धमूर्ती. आम्ही समितीवाले हरखून गेलो. आम्हाला आजवर कुणी साधी खुर्ची दिली नव्हती.

देणगीचा ठराव व्हायचा होता, तरी उद्घाटनासाठी पाहुण्यांचा परिचय आधीच छापायला घेतला. फाउंडेशनकडून इंग्रजी मजकूर आला आणि त्याचं मराठी मी केलं. मला माझं मराठी लिहिणं आवडतं, त्यामुळे मन लावून केलं. सीमेवरच्या एका गरीब घरात जन्म. तरुणपणी लाकडाच्या व्यवसायात पदार्पण. पुढे नगरविकासाच्या क्षेत्रात भरीव कार्य. मग पर्यटन, मग तंत्रज्ञान. शेवटी दानधर्म. 'खडतर परिस्थितीतून वर आलेलं धम्मनिष्ठ व्यक्तिमत्त्व' हे शब्द माझे आहेत. इंग्रजीत तेवढंही नव्हतं.

पत्रकांचा गठ्ठा मी विहाराच्या स्वयंपाकघरात ठेवला होता. चनथा तिथे बाईंबरोबर भाजी निवडत होती. तिने वरचं पत्रक उचललं. मराठी तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो होता. तिने ते पालथं ठेवलं, हात धुतले आणि कोट घालून निघून गेली. बाईंना वाटलं तिला बरं नसेल. घरी गेल्या तर चनथा पायरीवर बसलेली. किल्ली खिशात असून आत गेली नव्हती.

तिने जे सांगितलं ते बाईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आणि पुढे चनथाने स्वतः सांगितलं. तिचं घर राजधानीच्या कडेला एका तळ्यावर होतं. तळ्याला त्रकुअन म्हणायचे. त्रकुअन म्हणजे आपण जिला नाळीची भाजी म्हणतो ती. पाण्यावर पसरणारी ती भाजी काढून विकायची, मासे धरायचे, यावर चार हजार घरं जगत होती. एक दिवस सोरियाकच्या कंपनीने तळ्याच्या काठावर लोखंडी पाइप आणून टाकले. नदीच्या तळाची वाळू पाण्यासकट त्या पाइपांतून तळ्यात ओतायला सुरुवात झाली, आणि ती दिवसरात्र चालू राहिली. ज्यांनी घर सोडायला नकार दिला त्यांच्या घरात तो चिखल शिरला. चनथाचे वडील खाटेखाली विटा रचून तिच्यावर झोपत होते. छातीत पाणी झालं आणि ते गेले. आई इतर बायकांबरोबर रस्त्यावर बसली, तिला सात महिने तुरुंगात ठेवलं. तळ्याच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. बायकांना नदीपलीकडे, दर पावसाळ्यात पाणी चढणाऱ्या जमिनीवर नेऊन टाकलंय.

बाईंनी तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता. अख्खं तळं? बुजवलं? लोक ज्याचं पाणी पीत होते ते?

महाडच्या बाईला तळ्याबद्दल काय वाटतं, हे मी मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. बाईंचे आजोबा बाबासाहेबांच्या मागोमाग चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलेल्यांपैकी. ते पाणी ओंजळीत घेतल्यावर गावात परतताना त्यांच्या डोक्यात काठी बसली होती. ती खोक बाईंनी लहानपणी हात लावून पाहिलेली. आणि इथे एक माणूस तळंच नाहीसं करून, पाणीच नाहीसं करून, आम्हाला बुद्धाची मूर्ती द्यायला निघाला होता.

बाई समितीपुढे आल्या. समिती सात जणांची, त्यातल्या एक त्याच. त्या उभ्या राहून बोलल्या, मग शेजारी बसवलेल्या चनथाने मोडक्या इंग्रजीत तळ्याचं आणि वडिलांच्या मरणाचं सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं. आम्ही फार सभ्यपणे ऐकून घेतलं, तेच मला आता सगळ्यात वाईट वाटतं. मग प्रणय बोलला. त्याचं मराठी इथल्या मुलांचं असतं तसं.

"मावशी, मी रिस्पेक्ट करतो. पण मोठ्या लोकांवर ॲलिगेशन्स असतातच. आमचा ड्यू डिलिजन्स, बॅकग्राउंड चेक, क्लीन आहे. आणि आपला छप्पर बघा ना."

"मी छपराचं विचारत नाहीये," बाई म्हणाल्या. "तळ्याचं विचारतेय. ही बाई तुझ्यासमोर बसलीये. तिला विचार."

कुणीही चनथाला काही विचारलं नाही. मतदान घेतलं. बाई सोडून सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. मला वाटलं होतं की मूर्ती तर बुद्धाचीच आहे, देणारा कोणी का असेना. घरी जाताना गाडीत मी हेच वाक्य स्वतःशी म्हणत होतो. ते मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा मला रेडिओ लावावासा वाटला.

छप्पर, हॉल आणि मूर्ती तयार झाल्यावर उद्घाटन जून महिन्यात झालं. बाई आत आल्या नाहीत. फाटकाबाहेर फुटपाथवर त्या आणि चनथा उभ्या होत्या. बाईंच्या हातात एक पानाचं पत्रक होतं. लायब्ररीतल्या मुलीकडून त्यांनी ते इंग्रजीत टाइप करून घेतलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला देत होत्या. या माणसाने तळं बुजवलं, चार हजार घरं उठवली, विरोध करणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकायला लावलं, असं त्यात साध्या वाक्यांत होतं. चनथाच्या हातात पुठ्ठा होता आणि त्यावर तिच्या लिपीत फक्त तळ्याचं नाव.

काळी गाडी आली. मला वाटलं होतं कुणीतरी धिप्पाड माणूस उतरेल. उतरला तो बुटका, राखी सुटातला, चष्मा लावलेला, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकासारखा माणूस. आम्ही हार घेऊन उभे होतो. तो आमच्याकडे यायच्या आधी चनथापाशी थांबला, पुठ्ठा वाचला, तिच्याशी हसून चार वाक्यं बोलला. तिनेही मान खाली घालून काहीतरी उत्तर दिलं. मग तो हात जोडून आत आला. प्रणयच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. बघा किती साधा माणूस आहे, असं तो पाहुणा म्हणून आलेल्या कौन्सिलरला सांगत होता.

चार वाक्यं कोणती होती ते चनथाने नंतर सांगितलं. त्याने विचारलं, तू कुणाची मुलगी. मोठ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायची तिला लहानपणापासूनची सवय, तिने आईचं नाव सांगून टाकलं. तो म्हणाला, "हो, त्यांना ओळखतो मी. अजून नदीपलीकडेच राहतात ना? जपून राहायला सांग." एवढंच. कुठल्याही कोर्टात नेलं तर ही विचारपूस ठरेल. चनथा त्या दिवसापासून तीन आठवडे नीट जेवली नाही.

चौथ्या आठवड्यात बाईंना पत्र आलं. मध्य लंडनमधल्या सॉलिसिटरांच्या एका फर्मचं, जाड कागदावर, नऊ पानी. बाईंनी मला बोलावलं. भावना हॅरोहून आधीच आली होती आणि तिने ते वाचलं होतं. तिचा चेहरा उतरलेला. आईला काही सांगायच्या ऐवजी ती सारखी पानं जुळवत होती. मी बाईंना ते मराठीत वाचून दाखवायला बसलो.

आपल्या माननीय अशिलाची आपण घोर बदनामी केली आहे. पत्रकातलं प्रत्येक विधान खोटं आहे. सात दिवसांत लेखी माफी मागावी, सगळी पत्रकं नष्ट करावीत, पुन्हा असं बोलणार नाही अशी हमी द्यावी. नाहीतर दावा लावण्यात येईल आणि त्याचा खर्च भागवायला आपलं राहतं घरही जाऊ शकतं.

हे मी वाचत होतो आणि मला माझाच आवाज ओळखू येत होता. परिचय लिहिताना लागला होता तसाच, गुळगुळीत. मी त्या माणसाचं आयुष्य सजवून मराठीत आणलं होतं, आता त्याची धमकीही मीच मराठीत आणत होतो. ज्या बाईने लाँड्रीत सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त धुतलं, तिला या देशातले सुशिक्षित लोक जाड कागदावर विचारत होते की तुझी लाज कुठे आहे. आणि हे सगळं कायदेशीर होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा राग येतो म्हणजे काय होतं ते कळलं. कानशिलं गरम झाली आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

"आई, सही करून टाक," भावना म्हणाली. "आपण यांना पुरे पडणार नाही. घर गेलं तर काय करशील तू?"

बाई तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. पण त्यांनी तिच्या हातातली पानं घेतली, पालथी ठेवली आणि मला कागद काढायला सांगितला.

"लिही," त्या म्हणाल्या. "माझं नाव भीमाबाई पुरुषोत्तम रोकडे. मी खोटं लिहिलंय असं तुम्ही म्हणता. मग मला ते तळं दाखवा. मी म्हातारी आहे, पण विमानात बसता येतं मला. तळं जागेवर असलं तर मी तिथेच काठावर उभी राहून माफी मागेन. खाली माझी सही."

मी म्हणालो की वकिलाच्या पत्राला असं उत्तर देत नाहीत. त्या म्हणाल्या की तुला जसं लिहिता येतं तसं तू उद्घाटनाला लिहिलंस. मी मुकाट्याने त्यांचं प्रत्येक वाक्य इंग्रजीत उतरवलं, एकही शब्द न सजवता.

त्या पत्राला कधीच उत्तर आलं नाही. पण दुसरं एक पत्र विहाराला गेलं होतं. बाईंच्या वागण्याशी समितीचा संबंध नाही असं जाहीर करा, असं त्यात होतं. प्रणयने तातडीची बैठक बोलावली. जिने विहार उभा केला, तिला समितीवरून कमी करण्याचा ठराव अकरा मिनिटांत मंजूर झाला. मी या वेळी हात वर केला नाही. पण विरोधातही काही बोललो नाही. मांडीवर वही धरून लिहीत राहिलो, जसं काही लिहिणाऱ्याला हात नसतात. राजीनामाही दिला नाही. मुलीच्या लग्नाला हॉल लागणार होता, हे त्याचं खरं कारण.

बाईंनी विहाराची किल्ली मला आणून दिली. नव्या छपरामुळे आता न लागणाऱ्या बादल्या कुठे ठेवल्यात तेवढं सांगितलं आणि गेल्या.

त्यानंतर दीड वर्ष त्या आणि चनथा घरीच वंदना करत होत्या. मी दर शनिवारी त्यांच्याकडे जायला लागलो. बाईंना सगळं वाचायचं होतं. मी इंटरनेटवरून मानवाधिकारवाल्यांचे अहवाल, परदेशी वर्तमानपत्रांतल्या बातम्या काढून नेत असे आणि मराठीत सांगत असे. त्यातून मला मी लिहिलेल्या परिचयातल्या एकेका शब्दाचा अर्थ कळत गेला. लाकडाचा व्यवसाय म्हणजे सरकारी राखीव जंगल, जे रात्रीत ट्रकांतून सीमेपार गेलं. नगरविकास म्हणजे त्रकुअन. पर्यटन म्हणजे समुद्रकाठचे कॅसिनो. तंत्रज्ञान म्हणजे त्या कॅसिनोंच्या मागच्या, खिडक्यांना गज लावलेल्या इमारती. नोकरीच्या जाहिराती देऊन देशोदेशीची तरुण माणसं तिथे आणायची, पासपोर्ट काढून घ्यायचे, आणि फोनवरून जगभरच्या लोकांना फसवायला बसवायचं. नकार दिला की मारहाण. त्यात आपल्याकडचीही मुलं होती, नाशिकची, अकोल्याची.

बाई ऐकताना मध्येच उठून जायच्या. एकदा स्वयंपाकघरातून काही तरी आपटल्याचा आवाज आला. चनथा आत गेली. परत येऊन म्हणाली की ओमने पोळपाट फोडला. बाईंनी नंतर स्वतःच तुकडे उचलले आणि मला पुढे वाचायला सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी ब्रिटिश सरकारने निर्बंधांची यादी काढली. त्यात तेप सोरियाकचं नाव होतं. त्याची लंडनमधली घरं, ऑफिसं, बँकेतली खाती, सगळं गोठवलं. फाउंडेशनची वेबसाइट दुपारपर्यंत गायब झाली. मी ऑफिसमधून निघून थेट बाईंकडे गेलो, मोबाइलवर सरकारी निवेदन उघडून. मला वाटलं होतं त्या आनंदाने रडतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. निवेदनात गजांच्या इमारतींबद्दल होतं, फोनवरच्या फसवणुकीत ब्रिटिश लोकांचं किती नुकसान झालं ते होतं.

"तळ्याचं काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

मी पुन्हा वरपासून पाहिलं. "तळ्याचं काही नाही, ताई."

"म्हणजे यांच्या माणसांना लुटलं तेव्हा तो चोर झाला," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत सज्जन होता."

चनथा खिडकीपाशी उभी होती. तिला मराठी कळत नाही, पण तिने मान हलवली.

विहारात धावपळ उडाली. मूर्तीचं काय करायचं ते कुणाला कळेना. वकील म्हणाला, सरकारला विचारल्याशिवाय हात लावू नका, विकू नका, हलवू नका. शेवटी प्रणयने तिच्यावर निळी ताडपत्री घातली. देणगीदाराची पाटी स्क्रू काढून कपाटात टाकली. वर्तमानपत्राचा एक बातमीदार आला, त्याला प्रणयने सांगितलं की आम्हाला कसलीच कल्पना नव्हती, आम्हीही फसवलेच गेलो. ते वाक्य छापून आलं.

मग समितीने बाईंचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, पुष्पगुच्छ, सन्मानाने परत समितीवर. निरोप घेऊन मलाच पाठवलं. बाई येते म्हणाल्या. मला आश्चर्य वाटलं.

त्या रविवारी हॉल भरला होता. ताडपत्रीखालची मूर्ती कोपऱ्यात उभी. बाई चनथाला घेऊन आल्या, पुढच्या रांगेत बसल्या. प्रणय उठला. तो खरंच ओशाळला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

"मावशी, माझा चूक झाला," तो म्हणाला. "पण तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. कुणालाच नव्हता."

त्याने शाल उलगडली. बाईंनी ती हाताने बाजूला केली.

"जगदीश, त्या दिवशीच्या बैठकीची वही आण," त्या म्हणाल्या.

मी वही आणली. मला माहीत होतं त्यात काय आहे. त्यांनी चष्मा लावला, पान काढलं आणि सगळ्यांसमोर माझ्या अक्षरातला ठराव वाचला. देणगी स्वीकारण्याचा प्रस्ताव सर्वानुमते मंजूर. त्यांचा विरोध नव्हता, चनथाचं नाव नव्हतं, ती खोलीत होती हेही नव्हतं. फाउंडेशनला एकमत दाखवायचं होतं, म्हणून प्रणयने सांगितलं आणि मी लिहिलं होतं. मी, ज्याला आपल्या मराठीचा अभिमान आहे.

"तुला माहीत नव्हतं म्हणतोस," बाई प्रणयला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ही बाई त्या खुर्चीवर बसली होती. तिने तिच्या बापाचं मरण सांगितलं तुला. तू घड्याळ बघत होतास. फसवलेले तुम्ही नाही. तुम्हाला सांगितलं होतं. मला शाल नको. त्या वहीत खरं लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि त्या पेपरवाल्याला पाठवा. मग मी इथे पाय ठेवीन."

मी पेन काढलं आणि त्या ठरावाखाली लिहिलं: त्या दिवशी भीमाबाई रोकडे यांनी विरोध केला. चनथा यांनी तळ्याची हकिगत सांगितली. समितीला सर्व माहिती देण्यात आली होती. सचिवांनी 'सर्वानुमते' हे खोटं लिहिलं. पहिली सही मी केली. तिघांनी त्याच दिवशी केल्या. प्रणयने दोन आठवडे लावले, पण केली. एकाने अजून केलेली नाही, आणि त्याला पाहिलं की बाई तोंड फिरवतात. बातमीदाराला मी पान पाठवलं. ते छापून आलं नाही.

त्याच सुमारास चनथाने आईला व्हिडिओ कॉल लावला. मीही तिथे होतो. पत्र्याच्या खोलीत बसलेली एक वाळकी म्हातारी, दात गेलेले, डोळे मात्र बाईंसारखेच रोखलेले. त्याचं सगळं इथे गोठवलंय, हे चनथाने तिला समजावून सांगितलं. म्हातारीने एक प्रश्न विचारला. बाईंनी काय म्हणाली म्हणून विचारलं.

"ती विचारते, ती घरं विकून जे येईल ते आम्हाला मिळणार का? की तुमचं सरकार ठेवणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं होतं, त्यामुळे मला ठाऊक होतं. गोठवलेलं असंच पडून राहतं, कधीकधी वर्षानुवर्षं. आणि पुढे जप्त झालं तरी ते तळ्यावरच्या लोकांना जाईल असा काही कायदा नाही. मी ते सांगितलं.

"तिला खोटं सांगू नकोस," बाई चनथाला म्हणाल्या. "आत्ता नाही म्हणतायत म्हणून सांग."

तेव्हापासून ते पैसे तळ्यावरच्या लोकांना मिळावेत म्हणून त्या दर महिन्याला आमच्या खासदाराच्या भेटीच्या दिवशी जातात. विभागातल्या लोकांना त्या दिवशी दहा-दहा मिनिटं मिळतात. बाईंनी आतापर्यंत पाच वेळा दहा मिनिटं घेतली आहेत. खासदाराची सहायक त्यांना ओळखायला लागली आहे आणि त्यांना पाहिलं की तिचा चेहरा पडतो. गेल्या खेपेला ती म्हणाली की विषय फार कॉम्प्लिकेटेड आहे. बाईंनी मला त्याचं मराठी विचारलं.

मी थोडा विचार करून म्हणालो, "करायची इच्छा नाही."

"तसंच वाटलं मला," बाई म्हणाल्या आणि त्या मुलीला पुढच्या महिन्याची वेळ लिहून घ्यायला सांगितली. चनथाची शिफ्ट त्या दिवशी दुपारची आहे, ती सकाळी मोकळी असते. मी सुट्टी टाकली आहे.